दोन रोलरची माल्ट मिल : घरी बिअर करणाऱ्यांनी घ्यावी का?

घ्यावीच, असं माझं ठाम मत झालंय. आधी मी भरडलेलंच माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्लीसारखं धान्य) मागवायचो, पण पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत ते पटकन नरम पडतं आणि वासही उतरतो, अख्खं माल्ट मात्र हवाबंद डब्यात कित्येक महिने मस्त राहतं. शिवाय भरड कशी येणार हे आपल्या हातात नाही, एका ठिकाणहून आलेल्या पिशवीत तर कितीतरी दाणे अख्खेच होते, म्हणजे आतला स्टार्च पाण्याला मिळणारच नाही, साखर कमी आणि बिअर पाणचट.

बरेच जण म्हणतात एवढा खर्च कशाला, गिरणीत टाक की. अहो गिरणीचा दगड पीठ करायलाच असतो, कितीही जाड दळा म्हणालात तरी टरफलाचा भुगा होतो आणि सगळी मदार तर त्या टरफलावर! मॅश, म्हणजे भरड गरम पाण्यात भिजवून साखर उतरवणं, झाला की तो गोड रस गाळताना टरफलांचा थरच गाळणीचं काम करतो, त्याचा भुगा झाला तर खाली पिठाचा चिखल बसतो, नळ तुंबतो आणि बिअरला तुरटपणाही येऊ शकतो. रोलर दाणा नुसता चेपतात. मूठभर भरड ताटात पसरून बघा, टरफलं जवळजवळ पूर्ण, आतून रिकामी, आणि बाजूला पांढऱ्या गराचे बारीक तुकडे. बघूनच बरं वाटतं.

आता सेटिंग. कंपनीतून येतं त्यावर विसंबू नका, माझ्या मिलच्या दोन रोलरमधली फट एका टोकाला जास्त होती. टू-व्हीलरचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला जे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरतात ते घ्या, पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरवाल्यांकडे बघा, आणि दोन्ही टोकांना १ मिमीच्या आसपास ठेवा. गव्हाच्या माल्टला टरफल नसतं आणि दाणाही कडक, त्याला फट थोडी कमी करायची. अजून एक, भरडायच्या आधी ५ किलो माल्टवर १०० मिली पाणी स्प्रे करून हलवून दहा मिनिटं ठेवा, टरफल चिवट होतं, तुटत नाही, फरक लगेच दिसतो.

तक्रारी आहेत. हॉपर, म्हणजे वरून दाणे ओतायचं नरसाळं, लहान आहे, सारखं भरत बसावं लागतं, आणि हँडलने ५ किलो फिरवायचं म्हणजे खांदा भरून येतो. ड्रिल लावता येतं पण अगदी स्लो, जोरात फिरवलं की परत पीठच. रोलर धुवायचे नाहीत, गंज धरतो, कोरड्या ब्रशने झाडायचे. आणि मिल चालवायची ती गॅलरीत, फर्मेंटरपासून (बिअर आंबवायच्या भांड्यापासून) लांब, कारण त्या धुळीतले बॅक्टेरिया बिअरमध्ये गेले की अख्खी बॅच आंबट होऊन बिघडते.