वापरलेला निकॉन डी७५०, माझ्या जुन्या लेन्ससकट

चांदोबाच्या लिंबाला वारीतलं उभं रिंगण बघायला हा कॅमेरा घेऊन गेले होते. तिथं दोनशेच्या वर फोटो काढले, घरी येऊन कॉम्प्युटरवर लावले तर निम्म्या वारकऱ्यांची धोतरं गायब. माणूस आहे, गळ्यात टाळ आहे, कपाळावरचा बुक्कासुद्धा दिसतोय, आणि कमरेखाली नुसता कोरा कागद. ना चुणी, ना काठ. टोप्यांचंही तेच. अश्व पळून गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेली एक आजी तेवढी नीट आली, कारण ती झाडाच्या सावलीत होती.

कॅमेरा घेऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. दुकानदाराला फोन करून चार शब्द सुनवायचे म्हणून मोबाइल हातातसुद्धा घेतला. नंतर लक्षात आलं, हे मामांमुळे झालंय.

मामांचा साताऱ्यात स्टुडिओ होता. अकरावी-बारावीत मी तिथं पडीक असायची. पासपोर्ट फोटो कापायचे, ट्रेमध्ये कागद हलवायचा, हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास अंगाला घेऊन घरी यायचं आणि आईच्या शिव्या खायच्या. मामांचा एक ठेका होता : "रोलला उजेड जास्त झाला तर खपतो, कमी पडला तर मेला." म्हणून दोनशे आयएसओचा, म्हणजे उजेडाला तेवढा संवेदनशील, रोल घातला की कॅमेऱ्याची डायल शंभरावर ठेवायची, एक स्टॉप जादा, म्हणजे दुप्पट उजेड. निगेटिव्हवर सावलीत काही उमटलंच नाही तर प्रिंट करताना आणणार कुठून? उलट उजेड जादा झालेली निगेटिव्ह काळीकुट्ट दिसते, पण तिच्यातून धोतराची चुणी काढता येते. डार्करूममध्ये जरा जास्त वेळ उजेड द्यायचा, बस.

पुढे १९९४ साली मुंबईत बोरा बाजारातून जुना निकॉन एफएम२, रोलचा कॅमेरा, घेतला, दहा-अकरा वर्षं त्यावर रोल घातले, आणि नोकरी, मुलगा, सासूबाईंचं आजारपण यांत तो कपाटात गेला तो गेलाच. मुलगा शिकायला बाहेर पडल्यावर काढला. शटर अजून ठणठणीत. पण रोल, धुणं आणि स्कॅन धरून एका फोटोमागे चाळीस-पन्नास रुपये जायला लागले, शिवाय रोल कुरियरने पाठवायचा आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. म्हणून डिजिटल.

अट एकच होती. घरातल्या दोन्ही जुन्या लेन्स, ५० एमएम एफ १.८ आणि १०५ एमएम एफ २.५, चालल्या पाहिजेत. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं.) ही अट घातली की निवड झपाट्याने आटोपते. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची खाच, १९५९ पासूनचा, त्यामुळे 'बसते की सगळी लेन्स' असं दुकानात बिनधास्त सांगतात. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या स्वस्त बॉडीवर या लेन्स बसतात, पण उजेड मोजणारं मीटर गप्प. डी७०००, डी६१०, डी७५० अशांच्या माउंटभोवती एक छोटी दांडी असते, ती लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगला, म्हणजे छिद्र लहान-मोठं करणाऱ्या कड्याला, चिकटून फिरते, म्हणून तिथं मीटर चालतं. आणि १९७७ च्या आधीची, ही रिंग बदलून न घेतलेली लेन्स असेल तर डी७५० ला अजिबात लावू नका, ती दांडी मोडेल.

पुण्यातल्या एका दुकानातून नुसती बॉडी बेचाळीस हजारांना मिळाली. शटर चौतीस हजार वेळा पडलेलं. कंपनीने दीड लाख वेळा पाडून तपासलेलं असतं, म्हणजे माझ्यासारखीला आयुष्यभर पुरेल. २०१४ चं मॉडेल आहे. काही डी७५० च्या शटरसाठी कंपनीने फुकट दुरुस्तीची सूचना काढली होती, तेव्हा घ्यायच्या आधी सिरियल नंबर तपासून घ्या. माझ्या दुकानदाराला हे माहीत नव्हतं. लेन्स लावल्यावर पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या जागी त्रिकोण आणि शून्य का दिसतंय, हेही त्याला सांगता आलं नाही. "मॅडम, नवीन लेन्स घ्या ना," एवढंच. उत्तर मेनूत होतं. सेटअपमध्ये 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' (चिप नसलेल्या लेन्सची माहिती) असतं, तिथं ५० आणि १.८ भरलं की त्रिकोण गेला, मीटरही शहाणं झालं. अशा नऊ लेन्सची नोंद करता येते.

आता परत धोतराकडे. सेन्सरचं, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेल्या उजेड टिपणाऱ्या तुकड्याचं, गणित निगेटिव्हच्या बरोबर उलटं चालतं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक वाटी समजा. उजेडाने काठोकाठ भरली की पुढचं सगळं सांडतं आणि सांडलेलं परत मिळत नाही. तळाला थोडंसं असेल तर मात्र ते उचलता येतं, आणि या कामात डी७५० खरोखर बहाद्दर आहे. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फोटोत, मी अडीच-तीन स्टॉप सावली वर ओढलीय, मंडपाच्या अंधारात बसलेल्या पखवाजवाल्याच्या बोटांवरची शाई दिसली. म्हणजे मामांचं वाक्य इथं उलटं टांगायचं. मी रिंगणात हाताच्या सवयीने एक स्टॉप जादा देत होते आणि वाटीवर वाटी सांडत होते.

बरं, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो छान दिसत होते! भर दुपारी त्या पडद्यावर विसंबायचं नाही हे तिथं कळलं. प्लेबॅक मेनूत 'डिस्प्ले ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'हायलाइट्स'वर खूण करा. मग जिथं वाटी सांडलीय तो भाग फोटोत लुकलुकतो. ही खूण आधीपासून केलेली नसते. का नसते कोण जाणे. हल्ली मी उन्हात पाऊण स्टॉप कमी देते, एक फोटो काढते, लुकलुकतंय का बघते आणि मग पडद्याकडे ढुंकून बघत नाही. यंदाच्या वारीत सगळ्यांची धोतरं शाबूत आहेत.

संध्याकाळी कीर्तनात आयएसओ ६४०० वर काढलेले फोटो मला अजून जादूचे वाटतात. चारशेचा रोल सोळाशेवर ओढून धुतला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे यायचे, आणि रंगीत रोल असला तर ट्यूबलाइटखाली बुवा हिरवे. इथं दाणे बारीक, आणि हिरवेपणा नंतर एका क्लिकमध्ये जातो.

फोकस हे मात्र दुखणं आहे. एफएम२ मध्ये मधल्या गोलात चित्राचे दोन तुकडे असायचे, ते जुळवले की झालं. डी७५० ऑटोफोकससाठी बनलेला, त्याच्या काचेवर तसलं काही नाही. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आणि दोन बाण असतात. बाण सांगतो तिकडे रिंग फिरवायची आणि ठिपका पेटला की थांबायचं. पण ठिपका जरा लवकर पेटतो आणि उशिरा विझतो. १०५ वर एफ २.५ ठेवून पोर्ट्रेट काढलं की दहात सहा डोळे धारदार, बाकीच्यांत कान नाहीतर नाकाचा शेंडा. एफ ४ ला नऊ. शेवटी मी नेहमी जवळच्या बाजूने फिरवत येते आणि ठिपका पेटल्या क्षणी थांबते, त्याने बरंच सुधारलं. चाळिशी लागलेल्यांसाठी एक सुख : आयपीसशेजारी नंबर जुळवायचं चाक आहे, चष्मा काढून बघता येतं. एफएम२ ला त्यासाठी वेगळी काच आणून फिरवून बसवावी लागायची.

वजन बॅटरी आणि कार्डासकट ८४० ग्रॅम. एफएम२ ५४० चा. लोणंद ते तरडगाव चाललात की हे तीनशे ग्रॅम मानेला कळतात. रुंद पट्टा घ्या.

धूळ हा नवीन संसार. रोलमध्ये प्रत्येक फोटोला कोरी फिल्म पुढे यायची, इथं तोच एक तुकडा वर्षानुवर्षं. कासला आभाळाचे फोटो एफ १६ वर काढले तेव्हा प्रत्येक फोटोत त्याच जागी तीन डाग. मी जुन्या सवयीने आत फुंकर मारली. तीनाचे अकरा झाले, कारण थुंकी. मग दुकानात नेऊन साफ करून घेतला आणि येताना रबरी ब्लोअर आणला.

मग घ्यावा का? घरात जुन्या, मीटर चालेल अशा निकॉन लेन्स असतील आणि काचेतूनच बघायची सवय असेल, तर बेचाळीस हजारांत याहून शहाणा सौदा मला दिसला नाही. डोळे फारच थकले असतील तर अ‍ॅडॉप्टर लावून निकॉनचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, बघा. त्यात चित्र मोठं करून फोकस करता येतो, पैसे मात्र जास्त. पक्ष्यांच्या मागे लागणाऱ्यांनी हे सगळं वाचून सोडून द्यावं, त्यांच्या लेन्सच वेगळ्या.

मामा आता ब्याऐंशीचे आहेत. वारीचे फोटो त्यांना टीव्हीवर लावून दाखवले. आजीचा फोटो दोनदा मागे न्यायला लावला, सावलीतला मातीचा हात बघितला, मान हलवली आणि विचारलं, "निगेटिव्ह कुठाय?"

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडून दाखवलं. दोन कार्डं असतात मामा, एकावरचं सगळं दुसऱ्यावरही उतरतं, एक गेलं तर दुसरं आहे.

"दोन्ही एकाच डब्यात व्हय?" मामा म्हणाले. "आन डबाच चोरीला गेला तर गं?"

दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क आणली. ती मामांच्याच कपाटात ठेवलीय, निगेटिव्हच्या पाकिटांशेजारी. दर महिन्याला जाऊन भरून येते.