आर्मडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स, ऑस्टिन: पाचपैकी पाच, आणि अजून असते तर तेही

बंद होऊन चाळीसच्या वर वर्षं झालेल्या जागेचा रिव्ह्यू लिहितोय, पण मला तो लिहायचाच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला शिकत होतो तेव्हा ऑस्टिनमधे पहिल्यांदा आपली वाटलेली जागा हीच. मूळची नॅशनल गार्डची, म्हणजे तिथल्या राखीव फौजेची, जुनी आर्मरी (शस्त्रागार), १९७० मधे तिथं म्युझिक हॉल झाला, बाहेरून बघाल तर निव्वळ गोदाम. आत गेलं की जमिनीवर कार्पेटचे तुकडे, त्यावर मस्त मांडी ठोकून बसायचं, मधे बिअरचा जग, नाचोजची प्लेट, आणि बास गिटार सुरू झाली की त्या जगमधली बिअर थरथरायची, ते मी तासन् तास बघत बसायचो.

तेव्हा टेक्सासात अठराव्या वर्षी प्यायला परवानगी होती त्यामुळे कॉलेजची पोरं भरपूर. पण खरी कमाल म्हणजे लांब केसवाले हिप्पी आणि हॅटवाले काउबॉय एकाच गाण्यावर डोलायचे, १९७२ मधे कंट्री गायक विली नेल्सन इथं गायला तेव्हापासून ही सरमिसळ वाढत गेली, असं मला जुनी मंडळी सांगायची. एसी/डीसी या रॉक बँडचा अमेरिकेतला पहिला शो पण इथलाच, १९७७ चा.

३१ डिसेंबर १९८० ला शेवटची रात्र. मग इमारत पाडली, आता तिथं ऑफिसं आहेत. मागे ऑस्टिनला गेलो तेव्हा समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा होतो, बायको म्हणाली चला आता, पण पाय निघेना.