गोळी की समुपदेशन? अटॅकनंतरची उदासी आणि चिडचिड

मामांना अटॅक येऊन गेला. आता ते उदास असतात, घरच्यांवर सारखे खेकसतात. मामेभावाने विचारलं, गोळी सुरू करू की समुपदेशन?

आधी हृदयाची सुरक्षितता. उदासीवरच्या जुन्या, ट्रायसायक्लिक गटातल्या गोळ्या ठोके बिघडवू शकतात, हृदयरोग्याला त्या शक्यतो टाळतात. सर्ट्रालिन हे उदासीवरचं नंतरचं औषध मात्र अटॅकनंतरच्या रुग्णांवर तपासलं गेलं (सॅडहार्ट अभ्यास, 2002) आणि सुरक्षित ठरलं. पण मामा अॅस्पिरिन घेतातच. सोबत ही गोळी आली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. समुपदेशनात ही भानगड नाही.

खर्च: जेनेरिक गोळी स्वस्त, समुपदेशनाला दर भेटीचे पैसे. वेळ: गोळीचा गुण यायला काही आठवडे, समुपदेशनाच्या डझनभर तरी बैठका. मामा तेवढा वेळ बसतील का, हा खरा प्रश्न!

आयुष्य वाढतं का? 2003 च्या एनरिच्ड अभ्यासात जवळपास अडीच हजार रुग्ण होते. समुपदेशनाने उदासी घटली, मृत्यू किंवा दुसरा अटॅक काही घटला नाही. उलट 1980 च्या दशकात अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन यांनी अटॅक येऊन गेलेल्यांना राग आणि घाई आवरायला शिकवलं, तेव्हा दुसरे अटॅक कमी झाले.

झोप, भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथे बहुधा गोळी लागेल. उदासी सौम्य आणि संतापच मोठा असेल, तर समुपदेशन. मामांना मला वाटतं दोन्ही लागेल. सुरू केलेली गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.