इब्राहिम रोजाचा हौद आणि कारंजं : कधी जावं, काय बघावं

पाणी उडताना बघायची हौस असेल तर विजापूरच्या इब्राहिम रोजाला जाऊ नका. तिथलं कारंजं बंद आहे आणि हौद कोरडा. पाऊस झाला तर तळाशी साचतं तेवढंच पाणी. तरीही विजापुरातल्या बागांमध्ये आमची पहिली पसंती हीच. पूर्वेला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर, पश्चिमेला मशीद, दोन्ही एकाच उंच चौथऱ्यावर समोरासमोर, आणि मधल्या मोकळ्या जागेत हौद. तो हौद बुजवला तर दोन सुंदर इमारती उरतील, पण रोजा उरणार नाही. बांधकाम 1627 च्या सुमाराचं, मलिक संदलच्या देखरेखीखालचं. शिलालेखात खर्चही कोरलाय : दीड लाख होनांच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या, आसपास!

बहुतेकांचं चुकतं ते इथं. दरवाजा उत्तरेला आहे. आत शिरलं की लोक हिरवळीवरून फोटो काढतात आणि थेट कबरीत घुसतात. चौथऱ्याच्या उंचीमुळे खालून हौद दिसतच नाही. पायऱ्या चढून हौदाच्या उत्तरेच्या कडेला या. डाव्या हाताला कबर, उजव्या हाताला मशीद. सकाळचं ऊन मशिदीच्या दर्शनी भागावर पडतं, कबर मात्र उन्हाविरुद्ध काळपट दिसते. कबरीची कोरीव जाळी आणि अक्षरं नीट वाचायची तर दुपार कलल्यावर जा. मशिदीच्या छज्जाला लटकणाऱ्या दगडी साखळ्या बघितल्याशिवाय खाली उतरू नका.

पाणी चढायचं कसं, हा खरा विषय. आदिलशाही विजापुरात मोटार नव्हती, होता तो उतार. शहराबाहेरच्या उंच तलावांतून पाणी जमिनीखालच्या खापरी नळांनी यायचं. उतार लांबला की दाब वाढतो आणि भाजलेल्या मातीचा नळ तडकतो. म्हणून वाटेत गंज बांधले, म्हणजे पाण्याचे उंच चौकोनी मनोरे. पाणी त्यात शिरलं की दाब मोडायचा, गाळ तळाशी बसायचा, आणि पुढच्या नळात निवळ पाणी जायचं. असे गंज शहरात आजही उभे आहेत. रिक्षावाल्याला सांगून एखादा तरी बघा, नाहीतर हौदाचं गणित अर्धंच कळतं. अशा कारंज्याची धार मूळ पाण्याच्या पातळीच्या वर कधीच जात नाही. नळातल्या घर्षणानं ती बरीच खालीच राहते. वाटेत एक नळ फुटला किंवा गाळानं बुजला की पुढचं सगळं कोरडं. इथं पंप आणि रंगीत दिवे लावावेत असं काहीजण सुचवतात. कृपा करून नको.

तिकीट 25 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना माफ. गोलघुमटाचं तिकीट वेगळं. आत कबरीपाशी चपला काढाव्या लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा दगड पाय भाजतो. मोजे जवळ ठेवा. लहान मुलांना हौदाच्या काठावर पळू देऊ नका. रोजाला तासभर लागतो, घाईत केलात तर वीस मिनिटांत आटपतो आणि मग “काय आहे त्यात” म्हणत लोक परततात.

बेळगावहून विजापूर साधारण 200 किलोमीटर, एसटीनं पाच तास तरी धरा. एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण सकाळ-संध्याकाळ दोन्ही ऊन मिळत नाही, मुक्कामच करा. गोलघुमट पूर्वेला, रेल्वे स्टेशनजवळ. रोजा पश्चिमेला, जुन्या तटाबाहेर. पहाटे घुमट (गर्दी वाढली की घुमणारा आवाज ऐकूच येत नाही), दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी, चार वाजता मलिक-ए-मैदान तोफ, तिथून रोजा.

पाण्याचीच गोडी असेल आणि गाडी हाताशी असेल तर सिंदगीकडच्या रस्त्याला कुमठगीचे जलमहाल करा. तिथं कारंजी होतीच, शिवाय छतातून तुषार पडायची सोयही होती. ते तुषारही आता बंद आहेत, पण नळ कुठून कुठं जायचे हे रोजापेक्षा तिथं जास्त उघडं दिसतं.