तीस दिवसांत स्तोत्रसंहिता: कोरड्या काळातल्या काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत. वचन वाचूनही मनाला काही लागत नाही. अशा कोरड्या काळात मिळणारे बहुतेक सल्ले "आणखी प्रार्थना करा", "विश्वास वाढवा" असेच असतात. ज्याच्याकडे काही उरलेलंच नाही, त्याच्याकडूनच ते आणखी मागतात. महिन्यातून एकदा सगळी स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, मोठ्याने वाचण्याची जुनी पद्धत मात्र काही मागत नाही, आयते शब्द हातात देते. काही महिने नेमाने वापरल्यावर मला तिचा हाच गुण सगळ्यांत मोलाचा वाटतो.

ही वाटणी अँग्लिकन मंडळीच्या (इंग्लंडच्या चर्चच्या) १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात आहे. १५० स्तोत्रं महिन्याच्या तारखांवर, सकाळ-संध्याकाळ अशी विभागली आहेत. १ तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८. असं करत ३० तारखेच्या संध्याकाळी १४७ ते १५०. महिन्याला ३१ दिवस असतील तर ३० तारखेचा भाग पुन्हा वाचायचा. एका बैठकीला सरासरी ४० वचनं येतात, दहा-बारा मिनिटं पुरतात. १५ तारखेच्या संध्याकाळी एकटं ७८ वं स्तोत्रच ७२ वचनांचं आहे, त्या दिवशी वेळ जास्त ठेवा.

दिवस चुकला तर मागचं भरून काढायचं नाही. आजची तारीख बघायची आणि तो भाग उघडायचा. कोरड्या काळात वाचनाचे बरेचसे संकल्प मोडतात ते थकबाकीमुळे. चार दिवस राहिले की ओझं वाटू लागतं, ओझं वाटलं की पुस्तकच बंद होतं. इथे थकबाकी साचतच नाही. दोन्ही वेळा जमत नसेल तर एक महिना फक्त सकाळचे भाग आणि पुढचा महिना फक्त संध्याकाळचे भाग, असं साठ दिवसांत पूर्ण करा.

खरं काम करतात ती विलापाची स्तोत्रं. आपण एरवी ती गाळून २३, ९१, १२१ या दिलासा देणाऱ्या स्तोत्रांकडेच वळतो. तारखेप्रमाणे वाचताना गाळता येत नाही. २ तारखेच्या संध्याकाळी १३ वं येतं: पहिल्या दोनच वचनांत "कुठवर" हा प्रश्न चार वेळा. १७ तारखेच्या सकाळी ८८ वं येतं, ते तर अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, स्तुतीही नाही. पण नीट बघा: पहिल्याच वचनात हाक आहे ती तारण करणाऱ्या देवालाच, आणि हाक मारल्याचा उल्लेख ९ व्या आणि १३ व्या वचनात पुन्हा येतो. काहीच जाणवत नसताना देवाशी बोलत राहणं हाही विश्वासच आहे, हे पवित्र शास्त्रच इथे दाखवतं. ७७ वं स्तोत्रही असंच सावकाश वाचण्यासारखं आहे. पहिली काही वचनं सगळी "मी, माझं" अशी. देव कृपा करायला विसरला का, इथपर्यंत प्रश्न जातो. मग भक्त प्रभूची पूर्वीची कृत्यं आठवू लागतो आणि नजर देवाने आपल्या लोकांसाठी काढलेल्या समुद्रातल्या वाटेकडे जाते. भावना बदलल्याचं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. बदलतो तो बोलण्याचा विषय.

आता अडचणी. पहिल्या फेरीत फारसं काही जाणवत नाही, आणि बरेच जण तिथेच सोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ओळी ओळखीच्या होतात आणि दिवसभरात आपोआप ओठांवर येऊ लागतात. वाचन यांत्रिक व्हायला लागलं तर वेग कमी करा, ओळीच्या मध्यावर एक श्वास थांबा, आणि शेवटी एकच वचन वहीत लिहा. मनातल्या मनात वाचू नका, मन लगेच भटकतं. फोनपेक्षा छापील पुस्तक बरं. १०९ आणि १३७ सारखी सूडाची मागणी करणारी स्तोत्रं अडखळवतात. ती वाचताना आपला राग प्रभूच्या हाती सोपवायचा. न्याय त्याचा, आपला नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कोरडेपणाची कारणं वेगवेगळी असतात. येशूसंघाचा (जेझुइटांचा) संस्थापक लोयोलाचा इग्नाशियस तीन सांगतो: आपली हयगय, परीक्षा, आणि आध्यात्मिक समाधान ही आपली कमाई नसून कृपा आहे हे कळावं म्हणून. हयगय असेल किंवा एखादं पाप दडवलेलं असेल तर नुसतं वाचन पुरणार नाही. ५१ वं स्तोत्र येतं त्या १० तारखेच्या सकाळी ते नाव घेऊन कबूल करा. शरीर थकलेलं असेल तर बायबलमधला १ राजे, अध्याय १९ बघा: देवदूत एलीया संदेष्ट्याला आधी झोपू देतो आणि दोनदा खाऊ घालतो, होरेब डोंगराचा प्रवास त्यानंतर. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छाच गेली असेल तर डॉक्टरांकडे जा, पाळकांनाही सांगा. त्यात अविश्वास नाही.

इग्नाशियसचे आणखी दोन नियम या वाचनाला छान जुळतात. कोरड्या काळात आधी घेतलेले चांगले निर्णय बदलू नयेत, म्हणजे मंडळी किंवा सेवा सोडण्याचा निर्णय आत्ता नको. आणि उठावंसं वाटलं तर ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसावं.

एकट्याने रेटत नसेल तर संध्याकाळचा भाग एका विश्वासू सोबत्याबरोबर फोनवर वाचा, एक वचन त्याचं, एक तुमचं. संपल्यावर प्रभूची प्रार्थना म्हणून फोन ठेवायचा. सल्ला आणि चर्चा दुसऱ्या वेळी.