मि प्याचे, म्हणजे मला आवडतं: बोलोन्यातल्या इटालियन वर्गांचे दहा महिने

२०२४च्या सप्टेंबरात मी उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहरात इटालियनच्या वर्गाला नाव घातलं. जूनमध्ये ए२ पातळीचा, म्हणजे ए१पासून सुरू होणाऱ्या सहा पायऱ्यांतल्या दुसऱ्या पायरीचा, दाखला हातात आला. मधले दहा महिने तीन गोष्टी एकत्र चालू होत्या: सरकारी प्रौढशाळा, चर्चच्या आवारात स्वयंसेवक चालवतात तो मोफत वर्ग, आणि आमच्या भागातल्या ‘कासा दी क्वार्तिएरे’मधले कार्यक्रम. या नावाचा अर्थ वस्तीचं घर. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी निघाली म्हणून इकडे येणारे मराठी लोक वाढत आहेत. बोलोन्याच्या आसपास पॅकेजिंग मशीनचे कारखाने खूप आहेत, आम्हीही त्यातल्याच एकामुळे आलो. अशांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

पुण्यात असताना मी आठ महिने फोनवरच्या अ‍ॅपवर इटालियन शिकत होते. रोज न चुकता. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलीच्या शाळेच्या दारात तिच्या बाई माझ्याशी दोन मिनिटं बोलल्या आणि मला त्यातला एकच शब्द कळला, ‘दोमानी’, म्हणजे उद्या. उद्या काय आणायचं होतं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातली सगळी मुलं बुटांची जादा जोडी घेऊन आली होती, फक्त माझ्या मुलीकडे ती नव्हती. त्या रात्री मी वर्ग शोधायला बसले.

प्रौढशाळेला इथे ‘चीपिया’ म्हणतात. ही सरकारी व्यवस्था देशभर आहे. तिची मुळं मला फार आवडली: १९७३ साली धातूउद्योगातल्या कामगारांनी करारात पगारी अभ्यासाचे १५० तास मिळवले, आणि कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी शाळेच्या बाकांवर बसू लागली. आजच्या केंद्रांत ती परंपरा आहे. शून्यापासून ए२पर्यंतचा अभ्यासक्रम २०० तासांचा: ए१साठी १००, ए२साठी ८०, आणि उरलेले २० तास ओळख, चाचणी, मार्गदर्शन यांचे. फी जवळजवळ नाहीच. पाच वर्षांनंतर दीर्घकाळ राहण्याचा परवाना मागायचा असेल तर ए२ लागतं, नागरिकत्वासाठी २०१८पासून बी१, म्हणजे त्याच्या वरची पायरी. त्यामुळे वर्गात कुणी हौसेखातर बसलेलं नसतं. माझ्या डावीकडे मोरोक्कोची एक आई, उजवीकडे पेशावरकडचा एक पाकिस्तानी तरुण, तो मालगोदामात रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात यायचा. पेंगायचा, पण गैरहजर राहायचा नाही.

आता भाषेबद्दल, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. अ‍ॅप मला इंग्रजीतून शिकवत होतं. ‘मि प्याचे’ म्हणजे इंग्रजीतलं ‘आय लाइक’, असं घोकून मी सारखी चुकत होते. कारण आवडणारी गोष्ट अनेकवचनी झाली की ‘मि प्याच्चोनो’ होतं, ते का, हे इंग्रजीतून उमगतच नाही. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि मला एकदम दिसलं: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. आवडणारा बाजूला ‘मला’ होऊन बसतो, क्रियापद आंब्यांच्या मागे जातं. हे तर आपण दोन वर्षांचे असल्यापासून बोलतो! त्या दिवसापासून मी वहीतलं इंग्रजी बंद केलं आणि समास आखून मराठी लिहायला लागले.

मग एकेक दार उघडत गेलं. ‘सोनो आन्दाता’, मी गेले. ‘सोनो आन्दातो’, मी गेलो. बाईमाणसाचं रूप वेगळं, पुरुषाचं वेगळं, अगदी आपल्यासारखं. मी कोल्हापूरची, आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, म्हणून पहिले काही दिवस मी ‘आन्दातो’च म्हणत राहिले. बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी ते समजावून सांगितलं आणि त्यांनी ते चक्क आपल्या वहीत टिपून घेतलं. पुढे तर आणखी गंमत. ‘ला प्यादीना लो मांजाता’: पोळी? ती मी खाल्ली. खाणारा कुणीही असो, खाल्लेली वस्तू स्त्रीलिंगी सर्वनामाने आधी आली की क्रियापदही स्त्रीलिंगी होतं. ‘मी पोळी खाल्ली, मी भात खाल्ला’ म्हणणाऱ्याला हे नव्याने शिकावं लागत नाही. मात्र सर्वनाम आधी नसेल तर बदल होत नाही, तिथे आपली सवय आवरावी लागते.

उच्चारांत मराठी माणूस फार पुढे असतो. पित्सामधला ‘त्स’ म्हणजे आपल्या चुलीतला, चमच्यातला च. ‘द्झेरो’मधला पहिला आवाज जुन्यातला ज. हिंदीभाषक शेजाऱ्याला हे दोन आवाज बसायला वेळ लागला. जोडाक्षरांचंही तसंच: ‘पाला’ म्हणजे फावडं आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू, ‘कारो’ म्हणजे लाडका किंवा महाग आणि ‘कार्रो’ म्हणजे गाडा. पता आणि पत्ता यांतला फरक ज्याला कळतो त्याला हा त्रास नाही. जड जातं ते दोन लिंगांचं. आपल्या नपुंसकलिंगाची सवय तिथे आड येते, प्रत्येक ‘ते’चं ‘तो’ की ‘ती’ हे पाठच करायला लागतं. आणि ‘फील्यो’मधला तो ल्य. दहा महिने झाले, अजून हवा तसा येत नाही.

चर्चच्या आवारातल्या वर्गात आठवड्यातून दोन संध्याकाळी निवृत्त माणसं शिकवतात. शिकवणं म्हणण्यापेक्षा बोलणं. तिथे पंच्याहत्तरीच्या एका बाईंशी माझी गट्टी जमली. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘लेई’ म्हणजे आपण म्हणून बोलत होते, तर त्यांनी हात हातात घेऊन सांगितलं, ‘दियामोची देल तू’, आपण एकमेकींना तू म्हणू या. मला क्षणभर अवघड वाटलं. मग आठवलं, आजीला आपणही तूच म्हणतो की. या बाईंची आजी इटालियन बोलतच नव्हती, फक्त बोलोन्येसे, म्हणजे इथली बोली. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाप्रमाणे १८६१ साली, देश एक झाला तेव्हा, जेमतेम अडीच टक्के लोकांना इटालियन येत होतं. पुढे शाळांनी, मग रेडिओ-टीव्हीने ती घरोघर नेली. १९६०पासून १९६८पर्यंत आल्बेर्तो मान्झी हे शिक्षक राई या सरकारी वाहिनीवर मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत. या बाईंनी आपल्या आजीला टीव्हीसमोर पाटी घेऊन बसलेलं पाहिलं आहे. म्हणूनच बहुधा त्या माझ्या चुकांवर कधी घाई करत नाहीत.

बोलोन्याचे खास शब्दही मला त्यांच्याकडून मिळाले. कचऱ्याला इथे ‘रूस्को’. खालून बेल वाजवून ‘दाम्मि इल तिरो’ म्हटलं की वरच्याने बटण दाबून दार उघडायचं. मागे हात बांधून रस्त्याचं खोदकाम तासभर बघत उभे राहणारे आजोबा ते ‘उमारेल’. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये नव्हतं, आणि रोज लागतं हेच.

कासा दी क्वार्तिएरेमधला ‘स्फोल्या’चा, म्हणजे पास्त्यासाठी पातळ पोळी करण्याचा, वर्ग हा दहा महिन्यांतला सर्वांत आनंदाचा भाग. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. पीठ चांगलं तिंबायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग हातभर लांब लाटण्याने लाटायचं नाही, ओढायचं. ‘तिरा, तिरा!’ म्हणजे ओढ, ओढ. आज्ञार्थ मी असा शिकले, पिठात कोपरापर्यंत हात घालून. पुरणपोळीची कणीक तिंबलेल्या हातांना ती ओढ लगेच कळते. तिथल्या आज्यांनी माझे हात बघून विचारलं की तू हे कुठे शिकलीस, आणि मी मोडक्या इटालियनमध्ये पुरणपोळी सांगितली. माझं पहिलं लांब भाषण ते. ताल्यातेल्ले म्हणजे त्या पोळीच्या कापलेल्या लांब पट्ट्या, त्यांची रुंदी इथे कायद्याच्या कागदासारखी जपतात: शिजल्यावर ८ मिलिमीटर, १९७२ साली बोलोन्याच्या व्यापारी मंडळात तशी नोंद केलेली आहे. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, तोर्तेल्लीनी या छोट्या भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस असतं. त्याहून मोठे तोर्तेल्लोनी मागा, त्यात बहुतेक रिकोत्ता चीज असतं, तरी ऑर्डर देताना विचारून घ्या.

डिसेंबरात तिथेच तोम्बोला झाला. गणपतीत नि हळदीकुंकवात आपण खेळतो तोच तंबोला, शब्दही मूळचा इटालियनच. एक ते नव्वद आकडे, खुणेला वाल. दोन आकडे लागले की आम्बो, तीन तेर्ना, मग क्वातेर्ना, चिंक्वीना. ‘सेस्सान्तासेत्ते’ सदुसष्ट आणि ‘सेत्तान्तासेत्ते’ सत्त्याहत्तर, हा गोंधळ मिटवायला त्या दोन तासांनी जे केलं ते महिनाभराच्या पाठांतराला जमलं नव्हतं.

एप्रिलमध्ये प्रौढशाळेत प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायचं होतं, विषय: माझा देश आणि इटली. २१ एप्रिल हा दुसऱ्या महायुद्धातल्या बोलोन्याच्या मुक्तीचा दिवस, २५ हा देशाच्या मुक्तीचा, आणि १९४५ला तेव्हा ऐंशी वर्षं होत होती. मी सेनिओ नदी निवडली. ती इथून पूर्वेला, रावेन्ना जिल्ह्यातून वाहते. ९ एप्रिल १९४५ला तिच्या बंधाऱ्यांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे, यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून मागे नेलं. मग एकट्याने परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातगोळे वापरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. आमच्या कोल्हापूर-सातारा पट्ट्यात या रेजिमेंटची माणसं गावोगावी आहेत, पण हे सगळं घडलं ती नदी माझ्या स्वयंपाकघरापासून इतकी जवळ आहे, हे मला माहीत नव्हतं.

मी बोलून खाली बसले तर रात्रपाळीवाला तरुण उठला. त्याच नदीवर, त्याच दिवशी दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो अली हैदर यांना, कोहाटकडच्या शिपायाला. त्याच्या भागातला माणूस. तोही तेच बोलणार होता. आम्ही दोघांनी एकमेकांना काहीच सांगितलं नव्हतं. मेमध्ये आम्ही वर्गातले पाच जण रेल्वेने फोर्लीला गेलो. तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, कबरींच्या रांगा, आणि ज्यांचं दहन झालं त्या सैनिकांच्या नावांचं स्मारक. मी नावं मोठ्याने वाचली. आमच्या बाईंना ती नीट उच्चारायची होती, म्हणून त्या दिवशी शिकवायचं काम आम्हा दोघांकडे आलं.

उणिवाही सांगायला हव्यात. चर्चच्या आवारातल्या वर्गात शिकवणारे बदलत राहतात. तीन वेळा मला वर्तमानकाळच शिकवला गेला, भूतकाळापर्यंत गाडी पोचायला जानेवारी उजाडला. सकाळच्या वर्गांना लहान मूल घेऊन येणाऱ्या बायकांची सोय नसते, मोरोक्कोच्या मैत्रिणीचं त्यामुळे फेब्रुवारीत सुटलं, आणि मला याचं अजून वाईट वाटतं. जून ते सप्टेंबर जवळपास सगळं बंद. तेवढ्यात जीभ पुन्हा जड होते. त्यावर मला दोन गोष्टी सापडल्या: मुख्य चौकात पडद्यावर रात्री मोफत दाखवतात ते सिनेमे, आणि साला बोर्सा हे सार्वजनिक वाचनालय. तिथे काचेच्या जमिनीखाली रोमनकाळातले अवशेष दिसतात. मुलांच्या विभागातली चित्रांची पुस्तकं मी मुलीसोबत मोठ्याने वाचते, ती माझे ल्य दुरुस्त करते.

नाव घालायला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जा. सोबत पासपोर्ट, राहण्याचा परवाना किंवा त्याची पावती, आणि कोदीचे फिस्काले, म्हणजे इथला कर-क्रमांक. चाचणी घेऊन पातळी ठरवतात, तिथे अ‍ॅपवर पाठ केलेली वाक्यं बोलून वरच्या वर्गात बसू नका. एक कोरी वही न्या, आणि समासात मराठीच लिहा. मी या सप्टेंबरात बी१ला बसते आहे. स्फोल्याच्या आज्यांनी पुरणपोळीची तारीखही ठरवून टाकली आहे, लाटणं त्यांचं आणि पुरण माझं.