नेट गेल्यावरही चालेल असं प्रवासाचं अ‍ॅप कोणतं?

एकदा रात्री साडेअकराला मी अनोळखी शहराच्या बसस्थानकावर उतरले. मुक्कामाचा पत्ता ईमेलमध्ये होता आणि ईमेल काही उघडेना. फोनमध्ये प्रवासाची नऊ अ‍ॅप्स होती, पण नेट नसताना त्यांतलं एकही कामाला येईना. शेवटी स्थानकातल्या एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या फोनवरून पत्ता शोधून दिला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून कोणतंही अ‍ॅप घेताना मी आधी बघते ते एवढंच: नेट गेल्यावर हे काय करतं? खालची सगळी तुलना याच प्रश्नावर बेतलेली आहे.

नकाशा: सगळ्यात जास्त विचार इथे करा

आधी एक गैरसमज दूर करू. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत फोन नुसते ऐकत असतो. नेट लागतं ते दोन गोष्टींसाठी: नकाशाचं चित्र आणायला, आणि कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती पटकन मिळवायला. ही माहिती उपग्रह स्वतःही दर तीस सेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवत असतो. त्यामुळे नेट बंद असेल तर मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबा, निळा ठिपका जागेवर येतो. नकाशा मात्र आधीच फोनमध्ये उतरवलेला हवा.

गूगल मॅप्स बहुतेकांकडे असतंच. नेट चालू असताना त्याला तोड नाही: ठिकाणं उघडी असण्याच्या वेळा, लोकांचे अभिप्राय, फोटो, रस्त्यावरची गर्दी, बस-रेल्वेचे पर्याय, सगळं एका जागी. हव्या त्या भागाचा नकाशा उतरवूनही ठेवता येतो. पण नेट नसताना ते रस्ता दाखवतं तो फक्त गाडीचा. पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने कसं जायचं, हे उतरवलेल्या नकाशावरून सांगत नाही. पर्यायी रस्ते आणि वाहतुकीची स्थितीही दिसत नाही. गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्याचं यात फारसं अडत नाही. स्थानकातून पाठीवर सामान घेऊन चालत निघणाऱ्याची मात्र पंचाईत होते. शिवाय उतरवलेला नकाशा ठरावीक मुदतीनंतर अद्ययावत करावा लागतो आणि काही प्रदेशांचे नकाशे उतरवताच येत नाहीत. निघायच्या आधीच तपासून घ्या.

ऑरगॅनिक मॅप्सचं याच्या नेमकं उलट आहे. ते ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेला, जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत नेलेला मुक्त नकाशा. प्रदेशच्या प्रदेश एकदा उतरवला की शोध, चालण्याचा रस्ता, सायकलचा रस्ता, चढउतार, सगळं नेटशिवाय मिळतं. जाहिराती नाहीत, खातं उघडायची गरज नाही. पायवाटा, पाण्याचे नळ, जिने असले बारकावे यात अनेकदा गूगलपेक्षा जास्त सापडतात, कारण ते कुणीतरी तिथे चालत जाऊन नोंदवलेले असतात.

उणिवाही खऱ्या आहेत. अभिप्राय नाहीत, रहदारीची ताजी माहिती नाही. दुकान बंद पडून वर्ष झालं तरी कुणी नोंद बदलली नसेल तर ते नकाशावर उघडंच दिसतं. घर क्रमांक काही शहरांत पूर्ण आहेत, काही ठिकाणी अजिबात नाहीत. नावाच्या स्पेलिंगमध्ये थोडी चूक झाली तर गूगल सांभाळून घेतं, हे तितकं घेत नाही. म्हणून मुक्कामाची जागा नावाने शोधायच्या भरवशावर राहू नका. घरीच नकाशावर ती शोधून खूण करून ठेवा.

ऑस्मअँड हे त्याच माहितीवर चालणारं दुसरं अ‍ॅप. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), चाललेल्या वाटेची नोंद, जीपीएक्स फाइल (दुसऱ्या कुणी नोंदवलेली वाट) उघडणं, रस्ता निवडण्याचे बारीक नियम, असं बरंच काही यात आहे. डोंगरात किंवा लांब सायकल प्रवासाला जाणाऱ्याने हेच घ्यावं. बाकीच्यांना ते जड जाईल. सेटिंग्ज समजून घ्यायला एक संध्याकाळ द्यावी लागते. अँड्रॉइडवरच्या मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, तेव्हा विचार करून उतरवा.

आयफोन असेल तर २०२३ च्या आयओएस १७ पासून अ‍ॅपल मॅप्समध्येही नकाशे उतरवता येतात आणि त्यांत चालण्याचा रस्ताही मिळतो. माहितीचा दर्जा देशागणिक बदलतो, म्हणून जिथे जायचं तिथला भाग आधी उघडून बघा.

माझा कौल: बेत आखायला गूगल, पायाखालच्या रस्त्याला ऑरगॅनिक मॅप्स. दोन्ही ठेवा. जागा एकाचीच असेल आणि तुम्ही मुख्यतः चालणार असाल, तर मी ऑरगॅनिक मॅप्स ठेवेन.

दोन देशांचा अपवाद सांगायलाच हवा. दक्षिण कोरियात नकाशाची तपशीलवार माहिती देशाबाहेर नेण्यावर बंधनं असल्यामुळे गूगलचं मार्गदर्शन वर्षानुवर्षं अपुरं राहिलं. तिथले लोक नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप वापरतात. चीनमध्ये सरकारी नियमानुसार नकाशांची निर्देशांक पद्धतच, म्हणजे जागा अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत मांडायची रीतच, वेगळी आहे. त्यामुळे परदेशी नकाशात ठिपका काही शे मीटर बाजूला पडू शकतो. तिथेही स्थानिक अ‍ॅपच घ्यावं.

भाषांतर

गूगल ट्रान्सलेटने २०२४ मध्ये एका दमात ११० भाषा वाढवल्या आणि एकूण संख्या २४० च्या पुढे गेली. पण नेटशिवाय चालणाऱ्या भाषा त्याहून बऱ्याच कमी आहेत. मराठी त्यात आहे, ही आपल्यासाठी मोठी सोय. कॅमेरा पाटीवर धरला की मजकूर भाषांतरित होऊन दिसतो, आणि भाषेचा संच उतरवलेला असेल तर हे काम नेटशिवायही होतं.

डीपएलचं भाषांतर, विशेषतः युरोपीय भाषांमध्ये, मला जास्त नैसर्गिक वाटतं. मात्र त्याला नेट हवं. मुक्कामाच्या ठिकाणी सविस्तर पत्र लिहायचं असेल तर ते वापरा. रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅपलचं ट्रान्सलेट फोनमध्येच काम करू शकतं, पण त्यातल्या भाषा मोजक्या आहेत.

कोणतंही घ्या, वाक्यं छोटी ठेवा. मराठीतून तिसऱ्या भाषेत जाताना मजकूर बहुधा इंग्रजीच्या वाटेने जातो आणि लांब वाक्यात अर्थ हरवतो. औषध किंवा अ‍ॅलर्जीचा विषय असेल तर आलेलं भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून पाहा. ही वाक्यं निघण्यापूर्वीच तयार करून स्क्रीनशॉट ठेवले, तर ऐन वेळी टाइप करत बसावं लागत नाही. आजारी माणसाच्या शेजारी उभं राहून हे करणं किती कठीण असतं, ते करणाऱ्यालाच कळतं.

बस, रेल्वे आणि आरक्षणं

‘इथून तिथे मुळात जाता तरी कसं येतं?’ या प्रश्नाला रोम२रिओ. रेल्वे, बस, बोट, विमान असे सगळे मार्ग ते एकत्र दाखवतं. वेळा आणि भाडं अंदाजे असतं, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी वाहतूक कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करा. शहरात पोहोचल्यावर सिटीमॅपर उत्तम: मेट्रोच्या कोणत्या डब्यात बसायचं, कोणत्या दाराने बाहेर पडायचं इथपर्यंत सांगतं. पण ते निवडक शहरांतच चालतं. तुमचं शहर त्यात नसेल तर मूव्हिट बघा, त्याचा पसारा खूप मोठा आहे.

आरक्षणांसाठी ट्रिपइटला पुष्टीचा ईमेल पुढे पाठवला की ते वेळापत्रक मांडून देतं. संपूर्ण मेलबॉक्स वाचायची परवानगी द्यायची गरज नाही. एकेक ईमेल पाठवलेला पुरतो. विमानाच्या उशिराच्या सूचना पैसे भरल्यावर मिळतात. वाँडरलॉग गटाने मिळून बेत करायला छान, पण त्याची ऑफलाइन सोय सशुल्क आहे. तीन-चारच आरक्षणं असतील तर मी यांतलं काहीच घेत नाही. पीडीएफ फोनमध्ये उतरवते, पत्ता स्थानिक लिपीत एका कागदावर लिहून घेते.

नेट मिळवायचं असेल तर

एअरालोसारखी ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवायचं सिम) विकणारी अ‍ॅप्स आणि आपल्याच कंपनीचं रोमिंग यांत निवडताना दर बघण्याआधी फोन बघा: तो ई-सिम घेतो का, आणि एखाद्या कंपनीपुरता बांधलेला नाही ना. अशी बरीच ई-सिम फक्त डेटा देतात, नंबर देत नाहीत. बँकेचा ओटीपी जुन्या सिमवरच येणार, म्हणून ते चालू राहील याची सोय करा. ई-सिम घरच्या वायफायवरच टाकून ठेवा. ते उतरवायलाही नेट लागतं.

निघण्याच्या आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाका आणि चार गोष्टी करून बघा: मुक्कामाची खूण शोधा, स्थानकापासून तिथपर्यंतचा चालायचा रस्ता काढा, परक्या भाषेतली एक पाटी कॅमेऱ्याने वाचा, तिकीट उघडा. जे उघडणार नाही ते तेव्हाच उतरवून घ्या. आजच्या फोनमध्ये विमान मोडवरही जीपीएस चालतं आणि बॅटरी जास्त पुरते. त्यामुळे दिवसभर पायी फिरायचं असेल तेव्हा मी फोन मुद्दाम तसाच ठेवते.